भागीचं पाणी

या कातळाखालून येणारं पाणी बघा. चैत्र अर्धा सरला, तरी धार मनगटाएवढी आहे. याला भागीचं पाणी म्हणतात. वर दाट रान दिसतं ना, ते सरकारचं नाही आणि देवराईही नाही. दांडवाडीच्या चार घरांची ती सातबाऱ्यावरची, स्वतःची जमीन. तिथे कुऱ्हाड चालत नाही, आणि त्याबद्दल आमच्या नांदवणातलं प्रत्येक घर मार्गशीर्षात दोन पायल्या भात वर पोचवतं. हे कसं सुरू झालं, ते माझ्या आजीने सांगितलं तसं सांगतो.

भागी ही दांडवाडीच्या गोमाची लेक, नांदवणात दिलेली. गोमा डोंगराच्या उतारावर रान तोडून, जाळून नाचणी पेरायचा. पोट त्यावरच होतं. पण उतार उघडा पडत गेला तसा खालचा झरा आटत गेला, आणि एका साली शिमग्यालाच कोरडा पडला. त्या साली गुरं दावणीलाच मेली, असं सांगतात. गाव या कातळापाशी जमलं. वर जाऊन गोमाला दम द्यायचा, असं ठरत होतं.

तेव्हा भागी पुरुषांपुढे उभी राहिली, म्हणे.

"जमीन त्याची हाय. रान राखलं तर त्यानं खावं काय? पाणी आपण पिणार आणि उपाशी त्यानं ऱ्हायचं? जेवढी नाचणी बुडंल तेवढं भात आपण देऊ."

धाकोजी गावकर हसले. "सासरच्या भातावर म्हायेर पोसतंस काय गो?"

भागीने कोरड्या कातळावर हात ठेवला. "हितनं चैतात पाणी वाहीपर्यंत मी म्हायेरचं तोंड बघणार नाय. मग तरी खरं वाटंल?"

त्या वर्षीचं भात वर गेलं. गोमाने लेकीची शपथ ऐकली आणि कोयता आढ्याला खोचून ठेवला.

पण रान काही एका पावसाळ्यात उभं राहत नाही. भागी लांबच्या नदीतल्या डबक्यावर पाण्याला जायची. त्या वाटेवरून बापाच्या घरावरचा धूर दिसायचा. डोक्यावर घागर तशीच धरून ती धूर विरेपर्यंत उभी राहायची. भात पोचवून आलेल्या बायका तिला सांगायच्या, कुडा डोक्याएवढा झाला, ऐनाला पालवी फुटली. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग हळूच विचारायची, "बाबा कसा हाय?"

"वाळलाय. तुझ्यासारखाच."

अकराव्या साली माघात गोमा गेला. भागीचा भाऊ रावजी डोंगर उतरून आला. "आता तरी चल, भागे."

तिने कातळाकडे पाहिलं. तो कोरडाच होता. "मी आता आले, तर बाबानं एवढी वर्सं राखलं ते सगळं फुकट जाईल रं," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसली. रावजी एकटाच परत चढला.

दोनच महिन्यांनी, चैत्रात, कातळाखालची माती ओली दिसली. चार दिवसांत थेंब पडू लागले, मग बोटाएवढी धार लागली. भागीने घागर भरली आणि कुणाला न सांगता ती डोंगर चढली.

रावजी ओटीवर होता. घागर बघून त्याला रडू फुटलं. म्हणाला, "भात घेऊन आलेल्यांना बाबा एकच इचारायचा, पाणी आलं का? नाय म्हटलं की म्हणायचा, बरं, आणखी राखू."

भागीने घागर उंबऱ्यावर ठेवली. बापाच्या बसायच्या जागेकडे बघत ती म्हणाली, "आलं, बाबा."

आजही भात वर जातं तेव्हा दांडवाडीतलं थोरलं माणूस दारात येऊन विचारतं, "पाणी आलं का?" विचारणारी एखादी म्हातारी असली, तरी आमच्या बायका म्हणतात, "आलं, बाबा." मगच डोक्यावरच्या टोपल्या खाली उतरतात.