मंडपाचा प्राण

एका गावात एक भोळा गृहस्थ राहत होता. त्याचं नाव महिपती. मनाने अगदी गाय. सांगितलेलं काम शब्दशः करायचा, आणि तिथंच सगळं बिघडायचं. एकदा शेजारीण म्हणाली, "भाऊजी, दुधावर जरा नजर ठेवा हो." दूध उतू गेलं, पातेलं करपलं, चूल विझली. महिपतीची नजर दुधावरून हलली नाही.

अशा माणसाला नोकरी कोण देणार? म्हणून त्याच्या बायकोने, सगुणाने, सोळा सोमवारांचं व्रत धरलं. महादेवाला बेल वाहायची आणि म्हणायची, "देवा, मला सोनं नको, नाणं नको. यांना कुठंतरी चिकटव, आणि चिकटलेले सुटू देऊ नकोस."

महादेवाने ऐकलं. गावातल्या रावजीअण्णा मंडपवाल्यांनी नवाच मंडप आणला होता. बांबू नाही, खांब नाही. मोटार लावली की वारा भरून टम्म उभा राहायचा. लोक त्याला फुग्याचा मंडप म्हणत. तो उतरवून घडी घालायला अण्णांना माणूस हवा होता. त्यांनी महिपतीला ठेवून घेतलं.

पहिलंच काम बारशाचं होतं. अण्णा म्हणाले, "महिपती, बाळाचं नाव ठेवलं की झालं. लगेच बुचं काढायची, वारा सोडायचा, घडी घालून पिशवीत भरायचं."

महिपती बुचापाशी दबा धरून बसला. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. नाव सांगितलं. लगेच महिपतीने बुचं काढली. मंडप बसला. पाळणा, आत्या, घुगऱ्यांचं पातेलं, साऱ्या आयाबाया, सगळं कापडाखाली. महिपती वरून घडी घालायला लागला, तर घडी हलायला लागली आणि शिव्या द्यायला लागली.

संध्याकाळी घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. सगुणाने कपाळावर हात मारला, पण आवाज चढवला नाही. "अहो, आत माणसं असताना असं करतात का? आधी एकेकाला हात जोडून बाहेर घालवायचं. मगच मंडपाला हात लावायचा."

"अस्सं होय! मग आधी नाही का सांगायचं?" महिपती म्हणाला.

पुढचं काम सत्यनारायणाचं. यजमान जोडप्याने पाटावर बसलेले, गुरुजी कथेत रंगलेले. साधुवाण्याची नाव नदीत होती. इतक्यात मंडपाची एक दोरी सैल झाली. महिपती बांधायला धावला, आणि हात लावणार तोच त्याला बायकोचं बोलणं आठवलं.

तो आत गेला. हात जोडले. "आजी, बाहेर चला. काका, उठा. गुरुजी, तुम्हीसुद्धा."

"अरे, नाव बुडतेय!" गुरुजी ओरडले.

"बुडू द्या. मला दोरी बांधायचीय."

सगळी मंडळी उन्हात उभी राहिली. महिपतीने निवांत दोरी बांधली. तेवढ्यात प्रसादाचा शिरा दोन कुत्र्यांनी संपवला. त्यांना हात जोडले होते, पण ती उठली नाहीत.

सगुणाने ऐकलं आणि समईत तेल घालता घालता म्हणाली, "महादेवा, सांभाळ रे बाबा." मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, देव बसलेले असताना कुणाला उठवू नये. शेवटी देवावर अक्षता टाकतात, 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे पुन्हा या हं. देवाला जागचं जरासं हलवतात. मग आवराआवर करायची."

"अस्सं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

तिसरं काम दातांच्या शिबिराचं होतं. मंडपात मधोमध उंच खुर्ची. तिच्याशेजारी पांढऱ्या डगल्यात डॉक्टर. जो येई तो त्यांच्यापुढे तोंड वासून, डोळे मिटून बसे. बाकीचे रांगेत हात जोडून उभे. महिपतीने ओळखलं, देव ते हेच.

दिवस कलायला लागला. शेवटी खुर्चीत पोलीसपाटील बसले होते. डॉक्टरांनी चिमट्यात दात धरला होता. महिपतीने खिशातून मूठभर अक्षता काढल्या, डॉक्टरांच्या डोक्यावर टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हणाला, आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांना जागचं जरासं हलवलं.

दात निघाला. कोणता निघाला, ते पोलीसपाटलांना विचारू नका.

"आणि वर मला म्हणतो, पुन्हा या!" गाल धरून ते अण्णांच्या दारात ओरडत होते.

अण्णा तडक सगुणाकडे आले. "वहिनी, तुमच्या व्रताकडे बघून गप्प बसलो. रविवारी सावंतांकडे लग्न आहे. सोमवारी तुमचं उद्यापन. मंडप नीट पिशवीत भरून आणला, तर नोकरी पक्की, आणि उद्यापनाला देवळापुढे तोच मंडप फुकट लावून देतो. पण या वेळी घोटाळा झाला, तर याने घरीच बसायचं."

शनिवारी रात्री सगुणाने नवऱ्याला समोर बसवलं आणि पहिल्यापासून समजावलं.

"हे बघा, मंडप उभा कशामुळे राहतो?"

"वाऱ्यामुळे."

"बरोबर. वारा हा त्याचा प्राण. आपल्या देहाचंसुद्धा तेच. प्राण आहे तोवर सगळं. प्राण गेला की मागे उरते ती चिंधी. कळलं?"

"कळलं."

"माणसं गेली, देव हलले, की बुचं काढायची. पिशवी भरायची. तोंड घट्ट बांधायचं. आणि आपली मोलाची वस्तू दुसऱ्याच्या दारात ठेवून यायची नाही."

"अस्सं होय! मग आधी नाही का सांगायचं?"

रविवारी सगुणा दिवसभर दारात उभी. तिन्हीसांजेला महिपती आला. पाहते तर काय, डोक्यावर टम्म भरलेली पिशवी, तोंड सुतळीने गच्च आवळलेलं. दुसऱ्या हातात मोटार. एरवी ती पिशवी उचलायला दोन गडी लागायचे. आज हा एका हाताने तोलत आला, जशी फुलांची टोपली. सगुणाने मनात म्हटलं, महादेवाने अंगात बळही घातलं गं बाई!

रस्त्यावरून अण्णांनी पिशवी पाहिली. "शाब्बास रे महिपती! ना माणसं गुंडाळली, ना कुणाचा दात पाडला. नोकरी पक्की!"

सगुणाने त्यांच्या हातावर साखर ठेवली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

सोमवारी सकाळी देवळापुढे सडा-रांगोळी झाली. चुरम्याचे लाडू वळून तयार होते. जेवायला बोलावलेली जोडपी येऊन बसली. अण्णा म्हणाले, "सोड रे पिशवी."

महिपतीने सुतळी सोडली.

फुस्स!

गुरुजींचं उपरणं उडालं. रांगोळीतली नंदीची शिंगं पुसली गेली. पिशवी जमिनीला चिकटली. अण्णांनी ती उचलून उलटी केली, झटकली, आत डोकं घालून पाहिलं.

"मंडप कुठाय?"

"अण्णा, आत्ता तुमच्यासमोरून गेला की! केवढ्या मेहनतीने धरला होता. एकेका बुचाला पिशवीचं तोंड लावून बसलो. बराचसा सावंतांच्या अंगणात सांडला, पण पिशवीभर आणला."

"हा वारा झाला! कापड कुठाय, कापड?"

"ती चिंधी होय?" महिपती हसला. बायकोकडे वळून त्याने सदऱ्यातून एक चकचकीत स्टीलची पळी काढली. "अगं, तुला उद्यापनाला द्यायची राहिलीच. सावंतांच्या दारात बोहारीण आली होती. म्हणाली, जुनं कापड आहे का? मी म्हटलं, आहे. ती तर चमचाच देत होती, पण मी हटलो नाही. पळीच घेतली. बिचारीला एकटीला उचलेना, म्हणून मीपण हात लावला आणि तिच्या हातगाडीवर चढवून दिलं."

अण्णा मटकन देवळाच्या पायरीवर बसले.

"काळजी नको अण्णा," महिपती म्हणाला, "मोटारीवर ती परात देते म्हणालीय. पुन्हा कधी दिसली की देऊन टाकू."

अण्णा ताडकन उठले. "कोण ती बोहारीण? कुठली? नाव काय?"

"नाव नाही विचारलं. पण पाहिली की ओळखीन."

"मग उभा काय राहिलास? चढ टेम्पोत! गावोगाव हिंडू, पण तिला शोधू."

टेम्पोत चढता चढता महिपतीने विचारलं, "अण्णा, म्हणजे नोकरी आहे ना माझी?"

"ती चिंधी सापडेपर्यंत आहे!"

टेम्पो धुरळा उडवत गेला. सगुणा पळी हातात घेऊन गाभाऱ्यात गेली. पिंडीवर बेल वाहिला आणि डोळे मिटून म्हणाली, "महादेवा, अण्णांचा मंडप सापडू दे रे. सापडायलाच हवा, गरीब माणूस आहे तो. पण तुला काही घाई नाही हं."