वाटमाउलीची आणि समुद्र बघायला धावलेल्या धुरपदेची कहाणी

ऐका वाटमाउली, तुमची कहाणी.

घाटाच्या वरच्या अंगाला, तीन नद्यांच्या अलीकडं, एक आटपाट नगर होतं. तिथं एक घोंगडीवाला राहत होता. त्याची बायको धुरपदा. तो घोंगड्या घेऊन गावोगाव हिंडे, महिनोन् महिने घरी नसे. लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. घरात धुरपदा आणि तिची आंधळी सासू, दोघीच. सासू सकाळी न्याहारी करी, ती एकदम दिवेलागणीलाच जेवे. सुनेनं भरवलं तरच तोंड उघडी, दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नसे.

धुरपदा खालच्या मुलखातली, मिठागरावरची लेक. लग्न होऊन वर आली, ती पुन्हा खाली उतरली नाही. आई गेली, बाप गेला, निरोप आले तेही महिन्यानं. तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण समुद्र काही मनातून जाईना. भाकरी थापताना आठवे, जात्यावर बसली की आठवे, वारा सुटला की उगाच दारात येऊन उभी राही. कुणाला बोलली मात्र नाही.

एके दिवशी मिठाचे बैल दारावरून निघाले. तिनं मीठवाल्याला विचारलं, "दादा, समुद्र किती लांब?" तो म्हणाला, "तीन नद्या ओलांडल्या की घाटमाथा. तिथनं दिसतो. जायला एक दिवस, यायला एक दिवस." धुरपदेनं सासूचं ताट मनात आणलं. मग ती वेशीबाहेर वाटेच्या कडेला बसली आणि रडली.

तिथं एक म्हातारी आली. पाय धुळीनं भरलेले, टाचांना भेगा. म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?" धुरपदेनं सांगितलं, "समुद्र बघायचाय. दिवस उगवताना निघून मावळताना घरी यायचंय. पायांत तेवढं बळ नाही, वयही राहिलं नाही." म्हातारी म्हणाली, "मी तुला एक वसा सांगते, तो वसशील काय? उतशील, मातशील, वसा टाकून देशील." धुरपदा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"तर ऐक. रोज पहाटे वाटेच्या धुळीला हात लावावा आणि धावावं. शेजारणीशी बोलता येईल इतकंच धावावं. दम तुटला तर चालावं, चालायची लाज धरू नये. आठव्या दिवशी धावू नये. पाय धुवावेत, तेल चोळावं, वाटमाउलीला गूळ-शेंगदाण्याचा नैवेद्य दाखवावा आणि निवांत बसावं. ह्याला वर्ष लागेल, दोन लागतील. घाई करू नये." असं म्हणून म्हातारी वाटेनं गेली.

धुरपदेनं वसा घेतला. पहिल्या दिवशी वेशीपर्यंत जाऊन धापा टाकत बसली. बायका पाण्याला जात होत्या, त्या हसल्या. म्हणाल्या, "घोंगडीवालीच्या मागं कुत्रं लागलं का गं?" धुरपदा दुसऱ्या पहाटे पुन्हा निघाली. महिना गेला, दोन महिने गेले. मग ती पहिल्या नदीपर्यंत जाऊन येऊ लागली. मग दुसऱ्या नदीपर्यंत. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, झोप गाढ लागू लागली. पाणवठ्यावरच्या बायका आता बाजूला होऊन वाट देत.

एकदा राजाच्या स्वारानं तिला बघितलं. म्हणाला, "बाई, माझ्या घोड्याबरोबर धावशील का?" ती धावली. लोक गोळा झाले, वाहवा झाली. धुरपदेला ते गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चढावर दम तुटला, तरी लोक बघतात म्हणून चालली नाही. आठवा दिवस आला. तिनं पाय धुतले नाहीत, तेल चोळलं नाही, नैवेद्य दाखवला नाही. तशीच स्वाराबरोबर धावायला गेली. उताराला गुडघ्यात कळ आली, ती खाली बसली. स्वार पुढं निघून गेला. लोक पांगले. तिला दोघा गुराख्यांनी उचलून घरी आणलं.

गुडघा भोपळ्यासारखा सुजला. धुरपदा अंथरुणाला खिळली. सासू चाचपडत आली, जवळ बसली, गुडघ्याला तेल लावू लागली. लावता लावता म्हणाली, "वर्षभर पहाटे उठून जातेस. मला वाटायचं, माझा कंटाळा आला असेल."

"नाही हो आत्याबाई."

"मग कशासाठी धावतेस?"

धुरपदेनं घरात पहिल्यांदाच सांगितलं, "समुद्र बघायचाय मला." सासूनं आणखी तेल हातावर घेतलं. ती लावत राहिली.

मग धुरपदेनं वाटमाउलीची क्षमा मागितली. सूज उतरली. ती आधी अंगणात चालली, मग वेशीपर्यंत चालली, मग हळूहळू धावली. आठवा दिवस चुकवला नाही. स्वार पुन्हा आला, तेव्हा म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी माझ्या चालीनं येते." मग पहिली नदी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

पुढच्या माघात, आभाळ स्वच्छ बघून, सासूला न्याहारी भरवून ती उजाडता निघाली. तीन नद्या ओलांडल्या, चढ चालून चढली, माथ्यावर आली. लांब, आभाळाच्या खाली, एक चकाकती रेघ दिसली. धुरपदा बघत राहिली. पाय म्हणत होते, उतर. सावली पायांशी आली होती. तांब्याभर पाणी प्यायली आणि परत फिरली. फिरताना तिनं तीनदा मागं वळून बघितलं.

दिवेलागणीला ताट घेऊन सासूपुढं बसली. सासू म्हणाली, "कसा होता?"

"रेघेएवढा."

"आवाज आला?"

"नाही."

"वास?"

"नाही आत्याबाई. लांब होता."

सासू म्हणाली, "मग भेटला कुठं?" धुरपदेनं पुढचा घास भरवला.

चार दिवस गेले. सासूनं तिला जवळ बोलावलं. "पायांत बळ आहे तोवर जा. ह्या वेळी खाली उतर. त्या दिवशी परत येऊ नको. मला शेजारीण भरवील."

धुरपदा गेली. माथ्यावरून घाट उतरली. मिठागरं तशीच होती, माणसं नवी होती. कुणी ओळखलं नाही. ती सरळ पुढं गेली. लाट आली, पायावरून गेली. ती तशीच लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि आईला हाक मारावी तशी हाक मारली. मग कोळ्यांच्या घरी उतरली, पहाटे पुन्हा पाणी डोळ्यांना लावलं, आणि परतीला लागली.

दिवेलागणीला घर गाठलं. सासू उंबऱ्यावर बसलेली, तोंड सुकलेलं. शेजारीण म्हणाली, "काल घास धरला, आज धरला, तोंड उघडत नाहीत."

धुरपदा म्हणाली, "का हो असं केलंत?"

सासू म्हणाली, "तू नव्हतीस."

धुरपदेनं हातपाय धुतले, ताट वाढलं, घास कालवला. सासूनं तिचा हात धरला, थांबवला. म्हणाली, "आधी सांग. आवाज कसा असतो?"

मग धुरपदा सांगू लागली.

जशी धुरपदेला वाटमाउली पावली, तिच्या पायांना बळ आलं, मनातलं डोळ्यांपुढं आलं, दारात वाट बघणारं माणूस मिळालं, तशी तुम्हां आम्हां पावो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीची संपूर्ण होवो.