चिमाईचं दुखणं

फार जुन्या काळी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सटवाजी आणि चिमाई नावाचं म्हातारं जोडपं राहत होतं. अंबाडीचे दोर वळून दोघं पोट भरत. एका टोकाला सटवाजी पीळ देई, दुसरं टोक चिमाई धरून बसे, आणि दिवसभर त्यांच्या गप्पा चालत.

एका वर्षी चिमाईला थकवा येऊ लागला. चार पावलं चालली की धाप लागे. चेहरा पांढराफटक पडला. सटवाजी तिला आधार देत राजवैद्याकडे घेऊन गेला.

राजवैद्य मोठा नावाजलेला. त्याच्या हाताला यश होतं. चिमाईची पाळी आली तेव्हा त्याने तिच्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "वय काय, आजी?"

"सत्तरी उलटली. पण मागच्या दिवाळीपर्यंत घरचं दळण मीच..."

"मग थकवा येणारच. वयाला औषध नसतं. घरी जा, देवाचं नाव घ्या."

"मला बरं व्हायचंय, वैद्यबुवा," चिमाई म्हणाली. पण तोवर त्याने पुढच्या माणसाला हाक मारली होती.

भातकापणीच्या आधीच चिमाई गेली.

पुढे शेजारची तरणी सून तशीच पांढरी पडली. तिलाही धाप लागू लागली. तिचा नवरा परगावी होता, म्हणून सटवाजीच तिला वैद्याकडे घेऊन गेला. वैद्याने तिला जवळ बसवलं. नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"अंगात रक्त कमी झालंय, मुली. घाबरू नकोस," असं म्हणून त्याने लोहभस्माच्या पुड्या दिल्या. थोड्याच दिवसांत सून घरभर वावरू लागली, हसू लागली.

ते पाहून सटवाजीने हातातला दोर खाली ठेवला. तो एकटाच वैद्याकडे गेला.

"काय होतंय, आजोबा?"

"मला काही नाही. माझी चिमाईही अशीच पांढरी पडली होती. तिची पापणी तुम्ही का नाही पाहिलीत?"

वैद्याने आठवून पाहिलं. चिमाईचा चेहरा त्याला आठवेना. पांढरे केस तेवढे आठवले.

"त्या पुड्यांनी ती वाचली असती का?"

वैद्याची मान खाली गेली. "वाचली असती बहुतेक. मी तिला तपासलंच नाही."

सटवाजीने शिव्याशाप दिले नाहीत. तो भिंतीला धरून खाली बसला आणि लोकांदेखत रडला. "म्हातारी होती, पण माझ्याशी बोलणारी तीच एक होती हो!"

त्या दिवसापासून वैद्य आधी रोग पाहू लागला, वय मागाहून विचारू लागला. कितीतरी म्हातारी माणसं त्याच्या दारातून बरी होऊन गेली. लोक त्याची वाहवा करत. ती कानावर पडली की तो मुकाट्याने उठून आत निघून जाई.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: म्हातारपण हा रोग नव्हे, आणि रोग झाला तर बरं होण्याचा हक्क म्हाताऱ्या माणसालाही तेवढाच असतो.