सांताक्रूझ

"पण फादर, हे नाव मुळात आलं कुठून, ते तरी ऐकून घ्याल की नाही?"

इनासचा आवाज चढला. म्हातारे फादर साल्वादोर चर्चच्या पायरीवर बसून लाकडी क्रूस घासत होते. बस्त्यांवच्या रिकाम्या कबरीसाठी.

बस्त्यांव इनासचा धाकटा भाऊ. त्याच्या नव्या बोटीला 'सांताक्रूझ' हे नाव इनासनंच सुचवलं होतं. कॉलेजात लॅटिन शिकवणारा माणूस. त्याचा शब्द कोण मोडणार? गेल्या वादळात बोट फुटली. फळ्या किनाऱ्याला लागल्या. बस्त्यांव लागला नाही.

"सांग," फादर म्हणाले. लॅटिनची पहिली अक्षरं इनासनं त्यांच्याच हाताखाली गिरवली होती.

"सांक्ता क्रुक्स. पवित्र क्रूस. पोर्तुगिजांच्या, स्पॅनिशांच्या तोंडी त्याचं सांताक्रूझ झालं. गोव्यात या नावाचं गाव, मुंबईत उपनगर, तिकडे बोलिव्हियात अख्खं शहर. बेटं, नद्या, गलबतं… जिथं तिथं हेच."

"का रे?"

"खलाशी महिनोन्‌महिने पाण्यावर. जमीन दिसली की उतरायचे, क्रूस रोवायचे, गुडघे टेकायचे. वाचलो म्हणून!"

"हं…"

"एवढे परके वाचले, फादर. मग माझा भाऊ का नाही? आय रोज विचारते. खाणंपिणं सोडलंय तिनं."

फादर उठले. क्रूस खांद्यावर घेतला आणि चालू लागले.

"फादर, कबरस्तान मागं राहिलं!"

ते थांबले नाहीत. थेट समुद्रात शिरले. झगा गुडघ्यापर्यंत भिजला. सगळा जोर लावून त्यांनी क्रूस पाण्याखालच्या वाळूत रोवला.

लाट आली. क्रूस कलला.

दुसरीनं तो उपटून नेला.

इनास धावला. फादरांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ दे."

"आयला काय सांगू मी?" इनास पाण्यातच मटकन खाली बसला. त्याला हुंदका आवरेना. "एक शब्द द्या, फादर. कुठलाही…"

फादरांनी लांब वाहत चाललेल्या क्रुसाकडे बोट केलं.

"तू सांगितलीस ती नावं किनाऱ्याला लागलेल्यांनी ठेवली, इनास. जे लागलेच नाहीत, त्यांनी काय ठेवलं… ते कुठल्या भाषेत शोधशील?"