कुरवांच्या वाळूवरचा कावळा

पूर्वी शूर्पारक बंदरावर कोणता राजा राज्य करीत होता हे आता कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. पण त्याच्या काळात बोधिसत्त्व तिथल्या एका दर्यावर्दी कुळात जन्मले आणि मोठे होऊन तांडेल झाले, एवढं नक्की. नावेचं सुकाणू, शिडं आणि खलाशी सांभाळायचे, हे तांडेलाचं काम. बोधिसत्त्व आणखी एक काम आपल्याकडे ठेवीत. नावेवरच्या कावळ्यांना ते स्वतःच्या हातानं भात घालीत.

त्या काळी खोल समुद्रात जाणारी नाव कावळ्यांच्या एकदोन जोड्या पिंजऱ्यात घेऊनच निघे. वाट चुकली की नराला सोडायचं. त्याला जमीन दिसली तर तो सरळ तिकडे जाई, नाही दिसली तर डोलकाठीवर परत येऊन बसे. जो कावळा किनारा दाखवील त्याला त्याच किनाऱ्यावर कायमचं मोकळं करायचं, आणि जोडी मोडू नये म्हणून त्याच्या मादीलाही, अशी शूर्पारकाच्या नावांवरची रीत होती. आजवर सापडलेल्या प्रत्येक किनाऱ्यावर आधीपासून कावळे होतेच. दोन जास्त झाल्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

नावेचा मालक सोमिल नावाचा व्यापारी होता. माणूस मनानं मोकळा आणि हातानं सैल. त्यानं भर उन्हाळ्यात गावाला घोंगड्या वाटल्या होत्या, आणि लोकांनी त्या हसत हसत घेतल्याही होत्या. समोरच्याला काय हवं आहे हे विचारत बसलं तर देण्यातली गंमत जाते, असं त्याचं मत होतं.

एका सफरीत वादळानं नाव दक्षिणेला कुठच्या कुठे नेऊन टाकली. प्यायचं पाणी संपत आलं. बोधिसत्त्वांनी वाटाड्या नावाचा कावळा सोडला. तो उंच चढला, एक घिरटी घालून दक्षिणेकडे गेला आणि परत आला नाही. नाव त्याच्या मागोमाग निघाली, आणि दुसऱ्या दिवशी माडांची हिरवी रेघ दिसली. नाव किनाऱ्याला लागली तेव्हा वाटाड्या एका माडावर बसून मान वाकडी करून यांच्याकडे बघत होता.

सोमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. पिंजऱ्याचं दार त्यानं स्वतः उघडलं, मादीला उडवलं आणि मूठभर तांदूळ उधळले. सगळ्यांनी हात जोडले. बोधिसत्त्वांनीही जोडले.

एव्हाना बेटावरची माणसं जमली होती. त्यांच्यात मोरुवा नावाची एक म्हातारी होती. तिच्या शब्दाला सगळे मान देत. तरुणपणी ती शेजारच्या मोठ्या बेटावर राहून आली होती, म्हणून तिला व्यापाऱ्यांची भाषा येत होती. तिनं पाहुण्यांना शहाळी दिली. मग माडाकडे बोट करून विचारलं, “हे काळं पाखरू आम्ही कधी बघितलं नाही. काय खातं ते?”

सोमिल हसला. “आजी, कावळा काय खात नाही ते विचारा.”

मोरुवा हसली नाही.

बेटावर शंख चांगले मिळत आणि माडाचा काथ्या तर मुबलक. तांदूळ आणि कापड देऊन तो माल घ्यायचं ठरलं. वस्त्या किनाऱ्याकिनाऱ्यानं विखुरलेल्या होत्या, म्हणून सोमिल आणि बोधिसत्त्व मोरुवाबरोबर बेटाला वळसा घालायला निघाले. वाटेत सोमिलाला रोज काहीतरी नवं दिसे. माडावर चढून नारळ खाली टाकणारे खेकडे होते. त्यांतल्या एकानं त्याची एक चप्पल ओढत नेली आणि बिळाच्या तोंडाशी अडकवून ठेवली. ती सोडवायला गेला तर बोट पकडलं. दिवसा झाडाला उलटी टांगलेली कोल्ह्याच्या तोंडाची वटवाघळं होती, आणि पहाटे अंडी घालून समुद्राकडे निघालेली कासवीण होती. ती सोमिलाच्या पायाला वळसा घालून गेली, जणू तो ओंडकाच. इथल्या एकाही प्राण्याला माणसाची भीती नव्हती. “बोट पकडणाराही भ्यायला नाही आणि मीच ओरडलो,” असं सोमिल बोधिसत्त्वांना म्हणाला.

बेटाच्या उत्तर टोकाला मोकळी पांढरी वाळू होती. तिथं पोचण्याआधी मोरुवा थांबली.

“इथून पाय उचलायचा नाही. घासत चालायचं.”

ती आणि तिच्याबरोबरची माणसं पावलं वाळूतून हळूहळू सरकवीत चालू लागली. सोमिलाला आधी हसूच आलं. मग त्यानं खाली बघितलं. वाळूवर जिकडे तिकडे अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, नुसती वाळूच्या रंगाची ठिपक्याठिपक्यांची अंडी, आणि त्यांवर बसलेले कुरव. पांढऱ्या अंगाचे, काळ्या डोक्याचे ते समुद्रपक्षी इतके होते की वाळू हलतेय असं वाटे. उचललेला पाय अंड्यावर पडला तर अंडं फुटतं. घासत गेलेलं पाऊल त्याला नुसतं बाजूला सारतं. सोमिल बदकासारखा डुलत निघाला, आणि एक कुरव त्याच्या पोटरीला चोच मारून पुन्हा आपल्या अंड्यावर जाऊन बसला.

“आमच्याकडे शेती नाही,” मोरुवा म्हणाली. “समुद्रात मासा कुठं आहे ते हे दाखवतात. कुरव जिथं झेपावतात तिथं आमची होडी जाते. कुरव नाहीत तर आम्ही आंधळे.”

एवढ्यात बोधिसत्त्व थबकले. पुढे कुरवांच्या रांगेत वाटाड्या उतरला होता.

तो घाईत नव्हता. एका कुरवाला त्यानं चोचीनं बाजूला सारलं, अंडं फोडलं, खाल्लं आणि शेजारच्याकडे वळला. मादी त्याच्या मागून येत होती. त्यांच्यामागे फुटकी टरफलं पसरली होती. आणि कुरव नुसते बघत होते. साप नाही, मुंगूस नाही, उंदीर नाही अशा बेटावर त्यांच्या कितीतरी पिढ्या गेल्या होत्या. अंडं कुणी चोरतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याचं अंडं गेलं तो कुरव ओल्या वाळूवर पुन्हा तसाच बसला.

सोमिलानं हातातली काठी उगारली आणि तो धावायला निघाला. मोरुवानं त्याचा दंड घट्ट धरला. धावलं असतं तर कावळ्यांनी दिवसभरात फोडली नसती इतकी अंडी त्याच्याच पायाखाली गेली असती. म्हणून सगळे उभे राहिले आणि बघत राहिले. सोमिलाला त्या वेळी फार वाईट वाटलं. तांदूळ उधळणारा आपलाच हात त्याला नकोसा झाला.

नावेपाशी परत आले तर वेगळीच गडबड. परतीचा वारा सुटला होता. तो गेला की पुढच्या मोसमापर्यंत त्या बेटावरून शूर्पारकाकडे जाणं नव्हतं. माल भरून झाला होता. सोमिलाचा भागीदार म्हणाला, “दोन कावळे आहेत, दोन. त्यांच्यासाठी आख्खा मोसम घालवायचा?”

“आज दोन आहेत,” बोधिसत्त्व म्हणाले. “पुढच्या मोसमात त्यांची पिल्लं असतील. मग या वाळूवर कुरव राहायचा नाही, आणि या माणसांना मासा दाखवणारं कुणी उरायचं नाही.”

एका खलाशानं धनुष्य काढलं. मोरुवानं त्याला लगेच जागा करून दिली.

बोधिसत्त्वांनी धनुष्यावर हात ठेवला. “आपण पाण्यावाचून मरत होतो तेव्हा यानं किनारा दाखवला. इथं सोडला तो आपण. तो कावळ्यासारखा वागला, चूक आपली आहे. त्याला जिवंत धरून घरी न्यायचं, आणि ते मी करीन. नावेवर दुसरा तांडेल आहे, कावळ्यांची दुसरी जोडी आहे. तुम्ही निघा.”

म्हणजे त्यांचा सफरीतला वाटा गेला, आणि परतल्यावर सुकाणू पुन्हा हाती येईल याचीही खात्री नव्हती. सगळ्यांना ते माहीत होतं. खलाशानं धनुष्य खाली ठेवलं.

सोमिल नावेकडे चालू लागला. त्याचा माल त्याच्याशिवाय विकला गेला तर भागीदार काय करील हे त्याला पुरतं ठाऊक होतं. अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं की आपण अजून पाय घासतच चाललो आहोत. इथं तर एकही अंडं नव्हतं. तो थांबला, भागीदाराला हात हलवून जा म्हणाला आणि मागे फिरला.

नाव गेली. मोरुवाला मात्र हे पटलेलं नव्हतं. “बाण होता, माणूस होता. आता जिवंत धरायचं म्हणता, तोवर माझी वाळू रिकामी होईल.”

“तोवर वाळू राखायची,” बोधिसत्त्व म्हणाले.

बेटावरची माणसं झावळ्या घेऊन पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वाळूवर उभी राहू लागली. पाय घासत पुढे, पाय घासत मागे. कावळे कुठेही उतरले की झावळी तिथं पोचे. सोमिल त्यांच्यात होता. त्याच्या पायांची सालटं निघाली. कावळे उपाशी राहू लागले, पण शहाणे झाले. काथ्याच्या जाळ्याकडे तर ते फिरकत नसत.

बोधिसत्त्व रोज सकाळी बेटाच्या दुसऱ्या टोकाला रिकामा पिंजरा उघडून बसत आणि नावेवर वाजवीत तशीच करवंटी वाजवून भाताचा गोळा ठेवीत. वाटाड्या समोरच्या फांदीवर येई, बघे आणि भाताला न शिवता जाई. अखेर एके दिवशी बोधिसत्त्वांनी सोमिलाला बोलावून घेतलं.

“शेठ, भात ठेवून मी थकलो. तुम्ही बघा.”

“मी काय करू?”

“आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही तर काय करतात?”

हे कोणत्या शूर्पारकवासीयाला माहीत नसतं? गेलेल्याची काय इच्छा राहिली ते आठवायचं आणि ती पुरवायचा शब्द द्यायचा. सोमिलानं हात जोडले आणि तो फांदीकडे बघून म्हणाला, “वाटाड्या, मी तुला मोकळं केलं, पण तुला कुठं मोकळं व्हायचंय हे विचारलं नाही. इथं तुझं ना पिंपळ, ना भाऊबंद. बंदरावरच्या पिंपळावर तुला सोडीन. बायकोसकट सोडीन. शब्द देतो.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं घेणाऱ्याला विचारून काही दिलं होतं. कावळ्याला शब्द कळला की पोटातली भूक असह्य झाली, हे सांगता येत नाही. तो खाली आला, भाताला चोच लावली आणि खाता खाता सवयीनं पिंजऱ्यात शिरला.

मादी काही येईना. ती कुठं आहे हे मोरुवाच्या नातवंडांनी शोधून काढलं. एका उंच झाडावर तिनं काड्यांचं घरटं बांधलं होतं आणि ती अंड्यांवर बसली होती. जाळं टाकलं तरी ती उठली नाही. तिला पकडून खाली आणलं, मागोमाग घरटंही आणलं आणि मोरुवाच्या हातात दिलं.

मोरुवा घरट्यात बघत राहिली. निळसर अंडी, वर तपकिरी ठिपके. तिच्या वाळूवरची कितीतरी अंडी याच पक्ष्यानं फोडली होती, आणि आता याची तिच्या मुठीत मावतील अशी होती. तिनं एक उचललं. ते ऊन होतं. सोमिलाला वाटलं, आता ही दगडावर आपटणार, आणि आपण काही बोलूही शकणार नाही.

तिनं अंडं परत घरट्यात ठेवलं. घरटं दोन्ही हातांत धरून ती पिंजऱ्याकडे निघाली. मध्ये नुसती मोकळी जमीन होती, पायाखाली फुटण्यासारखं काही नव्हतं. तरीही मोरुवा पाय न उचलता, घासत घासत गेली.

त्या मोसमात पिल्लं पिंजऱ्यातच वाढली. मासे त्यांना मोरुवाच भरवी आणि भरवताना त्यांना शिव्याही देई. पुढच्या वाऱ्याला एक नाव आली, तिच्यातून दोघं परतले, आणि बंदरावरच्या पिंपळावर सगळं कुटुंब मोकळं झालं. सोमिलाचा भागीदार तोवर श्रीमंत झाला होता. पुढे शूर्पारकाच्या नावांवर रीत थोडी बदलली. नव्या किनाऱ्यावर कावळा सोडण्याआधी तिथल्या माणसांना विचारू लागले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनाच्या विहारात सांगितली. क्षेमक नावाच्या भिक्खूनं कोळ्याच्या टोपलीतल्या मरळ माशांची कीव येऊन ते विहाराच्या तळ्यात सोडले होते. मरळांनी तळ्यातली लहान मासळी संपवत आणली. बाकीचे भिक्खू त्याची थट्टा करीत होते आणि तो मान खाली घालून बसला होता. शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, क्षेमकाचं मन आजच असं कळवळलं असं नाही. त्या वेळचा सोमिल हाच. मोरुवा म्हणजे आपल्याला रोज भिक्षा घालणारी वृद्ध उपासिका रोहा. वाटाड्या आणि त्याची मादी म्हणजे ज्यांच्या टोपलीतले मासे यानं सोडवले ते कोळी नवरा-बायको. तांडेल मीच होतो. त्या जन्मी मी बोधिसत्त्वाच्या गुणांपैकी जी पारमिता पाळली ती प्रज्ञा. करुणा तर नावेवरच्या सगळ्यांनाच होती.”

कथा संपली तेव्हा क्षेमक उठला. त्यानं एक घागर आणि जाळं घेतलं आणि मरळ नदीवर नेऊन सोडण्यासाठी तो तळ्याकडे गेला. थट्टा करणाऱ्यांपैकी दोघं त्याच्यामागे दुसरी घागर घेऊन निघाले. काठावर बेडकाची पिल्लं होती, म्हणून तिघंही पाय घासत चालले होते.