सालीवरच्या रेघा

फार पूर्वी हत्ती ऐनाच्या खोडांवर सोंडेत धरलेल्या दगडाने रेघा ओढून पाण्याची वाट दाखवत. त्या रेघा कुणालाही वाचता येत. बुंदी नावाची हरिणीही दर उन्हाळ्यात त्या पाहूनच पाण्यावर पोचायची.

एकदा एका अस्वलाने अशाच एका खोडावर नखं घासली. एक रेघ वाढून खूण बदलली, आणि हत्तींचा कळप कोरड्या नाल्याकडे वळला. तिथे एक पिल्लू तहानेने गेलं. तेव्हापासून हत्तींनी रेघा सोडल्या आणि ते जमिनीतून घुमणाऱ्या आवाजात बोलू लागले. तो फक्त हत्तींनाच कळे. त्यात कुणाला ढवळाढवळ करता येत नसे. कळप पुन्हा कधी चुकला नाही.

बुंदी मात्र वणवण फिरू लागली. शेवटी तिने थोरल्या हत्तिणीला गाठलं.

"आजी, माझ्यापुरती तरी एक रेघ ओढाल का?"

हत्तिणीचे डोळे भरून आले. "ओढली असती गं. पण ते पिल्लू माझ्या लेकीचं होतं. आता रेघ ओढायला सोंड वर उचलवतच नाही."

कळप निघून गेला. थोड्या वेळाने बुंदीच्या खुरांखाली जमीन घुमली. पाणी सापडलं असणार, एवढं तिला कळलं. कुठे, ते कळेना. आवाज थांबेपर्यंत ती जागची हलली नाही.