शेवटच्या कडव्यातली बासरी

कुडाळच्या विश्रामबुवा धुरींच्या भजनाच्या कॅसेटी एके काळी दुकानात टिकत नसत. आता त्याच गावची मृणाल मेस्त्री आपली भजनं इंटरनेटवर विकायची आणि पार दुबईतली माणसंही ती घ्यायची. बुवांना हे बघवेना. त्यातच यंदा जत्रेत मृणालनं गावं, असं देवस्थान समितीच्या मनात आलं.

बैठकीत बुवा उठले. "फोनवरची गाणी मी कधी विकत घेतली नाहीत. येता-जाता फुकट कानावर पडतात तेवढीच," ते म्हणाले. "पण हिच्या नव्या भजनात शेवटच्या कडव्याला बासरी चक्क बेसूर आहे. हिला देवापुढे बसवणार?"

सगळे मृणालकडे बघू लागले.

"बुवा," ती शांतपणे म्हणाली, "फुकट ऐकायला मी पहिलंच कडवं ठेवलंय. शेवटचं फक्त विकत घेणाऱ्यालाच ऐकू येतं."

बुवांचा चेहरा पडला. कुणीतरी हसू दाबलं.

"बासरी मात्र खरंच उतरली आहे," ती म्हणाली. "एवढ्या गिऱ्हाइकांत ते तुम्हालाच कळलं. जत्रेत मी गाईन, पण पेटीवर तुम्ही बसलात तरच."

बुवा खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "तुझी पट्टी कुठली?"